सी तिजानींनी भिंत बांधली

छत गळत होतं ते एकाच कोपऱ्यात. सी तिजानी पुढे सहा महिने हे ज्याला त्याला सांगत फिरले, म्हणून आपणही ते आधीच नोंदवून ठेवू. एकच कोपरा. खाली कुणी झोपलं असतं तर पाय भिजले असते, डोकं कोरडं राहिलं असतं. असल्या गळतीसाठी कुणी घर उपसत नाही. पण ऑक्टोबरात मॉन्ट्रियलहून मुलाचा, अनिसचा फोन आला.

"बाबा, येत्या जुलैत आम्ही चौघं येतो. सहा आठवडे. हॉटेल-बिटेल नको, गावी, कस्र लोझच्या घरातच राहू. पोरींना कळू दे, घर म्हणजे काय असतं ते."

सगळा घात त्या शेवटच्या वाक्याने केला. चौतीस वर्षं राजधानीत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या सी तिजानींनी ते वाक्य कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं आणि दिवसातून दोनदा वाचलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते आणि बायको नजिया दोन बॅगा, एक स्टोव्ह आणि एक वही घेऊन डोंगरावरच्या त्या गावात उतरले. वहीत घराचा नकाशा होता. उत्तर दिशा बाणाने दाखवलेली होती, आणि प्रमाणसुद्धा लिहिलेलं होतं.

"आपण छत शाकारायला चाललोय की लढाईला?" नजियाने विचारलं.

"योजना असली की काम होतं."

"बरं, सी तिजानी," नजिया म्हणाली. 'सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'; नवऱ्याच्या नावाला ती ते लावायची आदर संपला की.

घर म्हणजे मधे चौक, भोवती चार खोल्या, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. पश्चिमेची भिंत शेजारच्या हनिया खालाशी सामायिक. हनिया खालाचं वय एक्याऐंशी. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गफ्साला एक भाचा होता तो ईदला फोन करायचा. दारातल्या पायरीवर मेंढीचं कातडं अंथरून ती मसूर निवडत बसायची. सी तिजानी जन्मले तेव्हा ती त्या खोलीत हजर होती, त्यामुळे त्यांनी पुढे आयुष्यात जे काही केलं ते सगळं आपल्या देखरेखीखाली येतं अशी तिची समजूत होती.

"काय चाललंय, पोरा?"

"छत दुरुस्त करतोय, खाला."

"कोण करणार?"

"उस्ता फरहात, गवंडी."

"फरहात?" खालाने एक खडा बाजूला काढला. "त्याच्या बापाने मशिदीची पायरी बसवली होती. गाव अजून तिथे ठेचकाळतंय."

सल्ला एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण कॉफीच्या दुकानात बातमी पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून गावाचे दोन पक्ष पडले, चुनावाले आणि सिमेंटवाले. चुनावाल्यांचे पुढारी न्हावी, सिमेंटवाल्यांचे औषधवाले. न्हाव्याचं म्हणणं, जुन्या घराला सिमेंट लावणं म्हणजे म्हाताऱ्याला प्लास्टिकचा कोट घालणं, आत घामाने कुजेल. औषधवाल्यांचं म्हणणं, चुना लावायचा तर मग लाइट तरी कशाला घेता, पणत्या लावा. सी तिजानी कॉफी प्यायला गेले की दोन्ही बाजू त्यांच्या टेबलाशी खुर्च्या ओढत. अठ्ठावीस दिवसांत त्यांना एकदाही गरम कॉफी मिळाली नाही. आणखी एक गोष्ट त्यांना फार लागली. चौतीस वर्षं ज्यांनी मुलांना पर्जन्यछायेचा प्रदेश समजावून सांगितला, त्यांना पाऊस कुठून येतो हे एक न्हावी सांगत होता.

उस्ता फरहात मात्र बोलायचा कमी. पहिल्या दिवशी शिडीवर चढला, तुळईत छिन्नी घातली. छिन्नी लोण्यात जावी तशी आत गेली.

"सी तिजानी," तो वरूनच म्हणाला, "छत गळत नाहीये. छत उतरतंय. रोज थोडं थोडं."

म्हणून छत काढलं. त्या बाजूचं सगळं काढलं, कारण एका खोलीची तुळई पुढच्या खोलीच्या तुळईवर टेकलेली आणि तिची अवस्था बहिणीसारखीच. चौथ्या दिवशी पश्चिमेच्या दोन खोल्यांना वर आभाळ होतं. पाचव्या दिवशी उस्ता फरहात आला नाही. सहाव्या दिवशी निरोप आला, झैतुनांची, म्हणजे ऑलिव्हची, काढणी सुरू झाली.

सी तिजानी त्याला शोधत टेकडीवर गेले. तो झाडावर होता.

"अरे, घर उघडं टाकून इथे काय करतोस?"

"झैतून थांबत नाहीत, सी तिजानी. छत थांबतं."

"पाऊस आला तर?"

उस्ता फरहातने आभाळाकडे पाहिलं. "येणार नाही."

त्या वर्षी डिसेंबरात पडला तसा पाऊस त्या डोंगरात कित्येक वर्षांत पडला नव्हता, असं पुढे सगळे म्हणाले. न्हाव्याने तर तारखेसकट सांगितलं. सी तिजानी आणि नजिया कोरड्या राहिलेल्या खोलीत स्टोव्हजवळ बसून राहिले. उघड्या भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत मुरत होतं, आणि शिवाय हनिया खालाच्या अंजिराची मुळं त्याच भिंतीच्या पायात शिरलेली होती. हे झाड तोडायला हवं, असं फरहात म्हणालाही होता. त्यावर खाला म्हणाली होती, "आधी मला तोड, मग झाडाचं बघ." झाड राहिलं.

आणि एका दुपारी, दोघं छोल्यांची लबलाबी खात असताना, भिंत गेली. ती आपल्या बाजूला पडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ती पलीकडे पडली. हनिया खालाच्या स्वयंपाकघरात.

सी तिजानी वाडगं टाकून धावले. धुळीचा लोट उठला होता, काही दिसत नव्हतं. "खाला! खाला!" त्यांचा आवाज फाटला. धूळ हळूहळू बसली तेव्हा भिंतीत गाढव सामानासकट जाईल एवढं भगदाड दिसलं, आणि त्यातून पलीकडे, चुलीशी, हातात पळी घेऊन, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली हनिया खाला.

"तिजानी," ती म्हणाली, "घरात मीठ आहे का रे? माझं भिंतीखाली गेलं."

तो राडारोडा उपसायला फरहात आला (मेलेल्या माणसाला आणि पडलेल्या भिंतीला तो लगेच यायचा, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं) आणि दगडमातीखालून निघाला खांबाचा तुकडा. कमरेएवढा उंच, पिवळसर, वरच्या टोकाला कोरलेली पानं.

"रोमन," फरहात हलक्या आवाजात म्हणाला. मग त्याहून हलक्या आवाजात, "सी तिजानी, आपण हा पाहिलेला नाही. वर सिमेंट घालतो आणि पाया म्हणून बसवतो."

पण सी तिजानींचा चेहरा उजळला होता. खाली बसून ते पानांवरून बोट फिरवत होते. आपल्या घराच्या भिंतीत रोमन साम्राज्य! त्यांनी शर्ट बदलला, टाय लावली आणि स्वतः जाऊन पुराणवस्तूवाल्यांच्या कचेरीत वर्दी दिली.

"पंधरा हजार वस्तीच्या गावात एक प्रामाणिक माणूस निघाला," नजिया म्हणाली, "आणि तो नेमका माझ्या घरात निघावा!"

कचेरीतून आलेला अधिकारी तरुण होता, लसाद नावाचा. दगड बघायच्या आधी तो सी तिजानींकडेच बघत राहिला.

"सर, ओळखलंत? तुम्ही मला नकाशात मजर्दा नदी उलटी वाहवली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतंत."

"असं? आता कुठे वाहते?"

"ईशान्येला, सर."

"शाब्बास."

"पण काम बंद ठेवावं लागेल, सर. राजधानीहून समिती येईपर्यंत."

"किती दिवस?"

लसादने नदी उलटी वाहवणाऱ्या मुलासारखी मान खाली घातली.

भगदाडावर आडवी लाल फीत लागली, दोन टोकांना लाखेचे शिक्के. या फितीच्या अलीकडचं पलीकडे आणि पलीकडचं अलीकडे काहीही जाता कामा नये, असं लसादने दोन्ही घरांना वाचून दाखवलं. तो गल्लीच्या वळणावर पोचायच्या आत फितीखालून रश्शाचं एक वाडगं अलीकडे आलं.

"थंड व्हायच्या आत खा," हनिया खाला म्हणाली. "आणि त्या पोराला कुणीतरी स्वेटर द्या. दात वाजत होते त्याचे."

समिती यायला पाच महिने लागले.

ते पाच महिने सी तिजानींनी अपमान म्हणून काढले. रोज सकाळी कचेरीत जाऊन बसायचे, लसाद उठून उभा राहायचा, "सर, पत्र पाठवलंय" म्हणायचा, सी तिजानी परत यायचे. घरात दोन खोल्यांवर ताडपत्री, चौकात वाळूचा ढीग, त्यावर गल्लीतल्या मांजरांचा कारभार. पण घरात, खरं सांगायचं तर, दोनाची तीन माणसं झाली होती. खालाच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीतलं सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. नवराबायकोचं भांडण पेटलं की पलीकडून निकाल लागायचा, "नजियाचं बरोबर आहे." एकदा तरी तिजानीचं बरोबर निघावं म्हणून सी तिजानींनी एक भांडण मुद्दाम बेतून केलं. तेही हरले.

"तिजानी! रक्तदाबाची गोळी!" हे सकाळी सातला. "नजिया, दूध उतू चाललंय!" हे साडेसातला, आणि नजिया धावली तर दूध खरंच उतू जात असायचं. बर्फ पडला त्या आठवड्यात तिघांनी स्टोव्ह भगदाडाच्या मधोमध, फितीखाली ठेवला. म्हणजे सरकारी आदेशाचा भंग कुणी केला हे ठरवणं अवघड जावं.

त्याच आठवड्यात खालाने सांगितलं, "इथे आधी एक कोनाडा होता. आरपार. वाडगं जाईल एवढा. तुझ्या आईने आणि मी करून घेतला होता."

"मग?"

"तुझ्या बापाने बुजवला. म्हणाला, बायका फार बोलतात." ती जरा हसली. "मग आम्ही छतावर जाऊन बोलायचो. आता गुडघे वर जाऊ देत नाहीत."

एप्रिलच्या शेवटी समिती आली. तीन माणसं आणि एक भिंग. गल्ली भरून गेली, चुनावाले आणि सिमेंटवाले प्रथमच एकत्र उभे होते. समितीच्या प्रमुखाने पानं पाहिली, दगडावर पाणी शिंपडून पाहिलं, मग फरहातला म्हणाला, "आडवा करा."

खांब आडवा झाला. तळाला नीटनेटके आकडे कोरलेले होते, १९११.

"हा रोमन नाही," प्रमुख म्हणाला. "हा पोस्टाचा आहे. फ्रेंचांचं जुनं पोस्ट पाडलं तेव्हा तुमच्याकडच्या कुणीतरी आणला असणार. काम सुरू करायला हरकत नाही. हा फेकून दिलात तरी चालेल."

फेकून दिलात तरी चालेल! पाच महिने ज्याच्यामुळे सी तिजानींनी ताडपत्रीखाली हिवाळा काढला त्याच्याबद्दल. त्यांनी एव्हाना मॉन्ट्रियलला त्याचे फोटो पाठवले होते. नातींना रोमन सम्राटांची नावं पाठ करायला सांगितली होती. त्यांनी टाय सैल केली आणि ते वाळूच्या ढिगावर बसले. एक मांजर उठून बाजूला झालं.

"आजोबांनीच आणला होता तुझ्या," भगदाडातून हनिया खाला म्हणाली. "गाढवावर घालून. मी एवढीशी होते, पाहिलाय मी."

"खाला! मग पाच महिने बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" खाला म्हणाली आणि मसूर निवडायला लागली.

आता काम धावायला लागलं. दोन महिन्यांत छत, फरशी, नळ, गरम पाण्याचा फवारा, पोरींच्या खोलीला निळे पडदे. राहिली भिंत. नजिया म्हणाली, "तो कोनाडा ठेव की. वाडगं जाईल एवढा."

सी तिजानींनाही ते वाटत होतं. पण त्यांनी वही उघडली. "सून येणार आहे. तिला तिकडे एकांताची सवय आहे. सकाळी डोळे उघडले आणि खाला तिच्याकडे बघून दूध उतू चाललंय म्हणाली, तर बाई दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाईल."

ही बोलणी अर्थातच भगदाडासमोर चालली होती.

"बरोबर आहे त्याचं," पलीकडून आवाज आला. पहिल्यांदाच. "सुनेला अवघडल्यासारखं होईल. बांध पोरा, नीट बांध."

उस्ता फरहातने जन्मात एक काम मन लावून केलं असेल तर ती भिंत. दोन हात जाड, आत दगड, खालाच्या बाजूने चुना, इकडून सिमेंट, म्हणजे दोन्ही पक्षांना तोंड बंद. शेवटचा दगड बसवण्यापूर्वी हनिया खालाने त्या फटीतून हात घालून नजियाला मिठाची पुडी दिली, "तुमची उसनी राहिली होती." मग दगड बसला. फरहातने भिंतीवर थाप मारली. "सी तिजानी, पलीकडे तोफ उडाली तरी इकडे कळणार नाही."

जूनच्या सव्वीस तारखेला घर तयार झालं. माणसं सहा, पण नव्या गाद्या, चादरी, उशा आठ-आठ. अठ्ठावीसला अनिसचा फोन आला.

"बाबा, जरा अडचण झालीय." नोकरीत नवं काम अंगावर पडलेलं, तिकिटं, थोरलीची पोहण्याची स्पर्धा. कारणं खरी होती. ऐकताना सी तिजानींना तेच जास्त लागलं. भांडायला काही जागाच नव्हती. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा."

"हरकत नाही, बाळा," सी तिजानी म्हणाले. "छतालाही जरा वाळायला वेळ मिळेल."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ नव्या नळाची तोटी उघडबंद करत राहिले. नजियाने आठही चादरी घडी घालून कपाटात ठेवल्या, मग सातवी पुन्हा काढली, पुन्हा घडी घातली.

गावात सांगायची लाज होती. त्यांनी "ऑगस्टात येतायत" असं सांगून टाकलं, आणि मग ऑगस्टापर्यंत राजधानीला परत जाण्याची सोय उरली नाही. सून नव्हती, नाती नव्हत्या, आणि ज्या एकांतासाठी ती भिंत बांधली होती तो सगळा आता या दोघांच्या वाट्याला आला होता. सकाळी गोळीची आठवण करायला कुणी नव्हतं. दूध दोनदा उतू गेलं. हनिया खाला आता गल्लीने फिरून यायची, बावीस पायऱ्या उतरून, वळण घेऊन, पुन्हा चढून. पहिल्या आठवड्यात रोज आली. मग एक दिवसाआड. जुलैत ऊन असं पडलं की दगड हात लावू देईनात.

एका गुरुवारी नजिया भाजी चिरता चिरता थांबली. "खाला काल आली नाही. परवाही."

सी तिजानी भिंतीला कान लावून उभे राहिले. भिंत गप्प होती. मग ते चपला न घालताच गल्लीत धावले. दाराला आतून कडी. हाका मारल्या, दार ठोठावलं. शेवटी सहासष्ट वर्षांचे ते भूगोलाचे शिक्षक स्वतःच्या नव्या छतावर चढले, तिथून अंजिराच्या फांदीवर उतरले, फांदी मोडली, आणि ते विजार फाडून घेऊन हनिया खालाच्या अंगणात पडले.

ती स्वयंपाकघरात होती, जमिनीवर, भिंतीला टेकून. पाय वेडावाकडा वळलेला. हातात खलबत्त्याचा पितळी बत्ता होता. भिंतीच्या चुन्यावर, तिच्या खांद्याच्या उंचीला, बोटभर खोल खळगा पडला होता.

"आलास?" आवाज कोरडा पडला होता. "काल सकाळपासून ठोकतेय मी."

"ऐकू नाही आलं, खाला." सी तिजानी तिच्याजवळ बसले. त्यांनी पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. "अजिबात ऐकू नाही आलं."

खालाने दोन घोट घेतले, बत्ता खाली ठेवला.

"भिंत चांगली झालीय रे," ती म्हणाली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सी तिजानींना बाजूला घेऊन सांगितलं, हृदय इतकं थकलंय की भूल देणंच धोक्याचं, घरी न्या, दुखू देऊ नका. कुणाच्या घरी हा प्रश्न कुणी काढला नाही. निळ्या पडद्यांच्या खोलीत तिची गादी घातली. त्या घरात नव्या छताखाली झोपलेलं ते पहिलं पाहुणं.

अकरा दिवस ती होती. पहिले आठ दिवस जिभेला काहीही झालेलं नव्हतं. तिने पडल्या पडल्या सगळं घर तपासलं. खिडकी बिळाएवढी आहे. फरशीचा तो तुकडा दबलेला आहे. नळ इतका खाली आहे की उंट गुडघे टेकून पाणी पिईल. फरहातला बोलावून घेऊन तिने त्याला तुळई दाखवली, "ही डावीकडे कललीय." फरहातने पातळीची नळी लावून पाहिली. तुळई डावीकडे कललेली होती.

"खाला, तुम्ही बऱ्या झालात की दुरुस्त करतो," तो म्हणाला.

"म्हणजे झैतून झाल्यावर," खाला म्हणाली.

रोज दुपारी सी तिजानी तिला वारा घालत बसायचे. भिंतीबद्दल काही बोलायचं म्हणून बसायचे आणि दुसरंच काहीतरी बोलून उठायचे. एका दुपारी तिनेच विचारलं, "अनिस कधी येतोय?"

गावभर ऑगस्ट सांगून झाला होता. सी तिजानींनी पंखा खाली ठेवला. "नाही येत, खाला. यंदा नाही."

"नजियाच्या तोंडावरून कळलंच होतं." तिने चादर छातीपर्यंत ओढून घेतली. "तो दगड पोस्टाचा आहे, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना…"

"मग का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आठ दिवसांत तू भिंत उभी केली असतीस."

सी तिजानींनी बाहीने डोळे पुसले.

"रडू नको," खाला म्हणाली. "फार बरे गेले ते पाच महिने. आणि वारा घाल. ऊन काय तुझ्यासाठी थांबलंय?"

शेवटच्या दिवशी पहाटेनंतर नजिया दूध घेऊन गेली आणि वाडगं तसंच हातात धरून परत आली.

गफ्साचा भाचा दुपारी पोचला. मोठा सरळ माणूस, कुणाला ओळखत नव्हता, दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. हनिया खालाच्या घरात दहा माणसं मावली नसती, म्हणून सगळं सी तिजानींच्या चौकात झालं. बायकांनी तिला तिथेच आंघोळ घातली, तिथूनच तिला उचललं. संध्याकाळपर्यंत आठही गाद्या भरल्या, मग शेजारच्या घरांतून सतरंज्या आल्या, मग माणसं वाळूच्या उरलेल्या ढिगावर बसली. न्हावी आला, औषधवाले आले आणि दोघं एका ताटात रव्याचं कुसकुस जेवले. लसाद आला, स्वेटर घालून नव्हे, भर उन्हाळा होता, पण रडत आला. वरच्या आळीतल्या ज्या बायका कुणाच्या लग्नाला येत नाहीत त्याही आल्या. नजियाला चार वेळा कुसकुस चढवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अनिसचा फोन आला, चेहरा दिसणारा.

"बाबा, केवढी माणसं! कसला समारंभ?"

"हनिया खाला गेली."

"कोण?… अच्छा, शेजारची. अरेरे." मग धाकटी नात मधे घुसली. "आजोबा, घर दाखवा ना!"

सी तिजानींनी फोन चौकभर फिरवला. छत दाखवलं, निळे पडदे दाखवले. नात म्हणाली, "हे सगळे आपले नातेवाईक आहेत?"

"बाळ, ताटं मांडायचीत, नंतर बोलू," सी तिजानी म्हणाले आणि त्यांनी फोन नजियाकडे दिला.

लोक निघायला लागले होते. त्या गावात निघताना घरच्यांचा हात हातात घेऊन "अल्लाह तुम्हाला सबुरी देवो" म्हणायचं असतं, म्हणून दारात भाचा उभा होता आणि यजमान या नात्याने शेजारी सी तिजानी. पहिल्या दिवशी लोक भाच्याला ओलांडून यांच्याकडे यायचे आणि हे घाईघाईने म्हणायचे, "मी नाही, नातेवाईक ते आहेत, ते." दुसऱ्या दिवशी ते नुसते बोट दाखवत होते. आता औषधवाले आले, त्यांनी भाच्याकडे पाहून मान लववली आणि सी तिजानींचा हात दोन्ही हातांत घेतला.

"अल्लाह तुम्हाला सबुरी देवो, सी तिजानी."

सी तिजानींनी हात सोडवला नाही. "तुम्हालाही," ते म्हणाले, आणि मागे उभ्या असलेल्या न्हाव्यासाठी दुसरा हात पुढे केला.